इंग्रजी वाचायला शिकताना पॅनल, टॅब, ॲप: मुलांचं म्हणणं काय?

खडूफळा
मंडळी नमस्कार. सिन्नर तालुक्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत मी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. शेजारच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सीएसआर निधीतून शाळेला मोठं इंटरॲक्टिव्ह पॅनल आणि थोडे टॅब मिळाले, त्याला आता वर्ष होत आलं. तेव्हापासून जो भेटेल तो विचारतो, "काय सर, पोरं आता फाडफाड वाचत असतील!" संस्थेचे लोक विचारतात, पालक विचारतात, कारखान्याचे साहेब फोटो काढायला येतात तेही विचारतात. मुलांना कोणी विचारत नाही. म्हणून सहामाही संपल्यावर नववीच्या वर्गाकडून बिननावाच्या चिठ्ठ्या लिहून घेतल्या, मराठीतच. इंग्रजी वाचताना यातलं काय कामाला येतं, काय येत नाही, कशाचा वैताग येतो, एवढंच विचारलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे नववीत येईपर्यंत पोराची आठ वर्षं इंग्रजीत गेलेली असतात. तरी 'असर'च्या, म्हणजे 'प्रथम' संस्थेच्या शालेय पाहणीच्या, २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जेमतेम पाव मुलांना आणि आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता आली. वर्गात हे कसं दिसतं ते सांगतो. मी ओळ म्हणतो, वर्ग मागून म्हणतो, सगळं सुरात. व्हरांड्यातून जाणाऱ्याला वाटतं, वा, काय वाचतायत! जवळ जावं तर तोंडात चौथी ओळ आणि बोट दुसरीवर. पुस्तकात प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहिलेला: नाइफ, आयलंड, थ्रू. नजर फिरते ती पेन्सिलीच्या ओळीवरून.

आता चिठ्ठ्या. सगळ्यात जास्त वेळा आलेली गोष्ट: टॅबवर एकट्यानं वाचताना चुकलं तर कोणी हसत नाही. एका चिठ्ठीत होतं, "सरांना तोच शब्द तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते, टॅबला विचारायची नाही वाटत." शब्दावर बोट ठेवलं की तो ऐकू येतो, हे बहुतेकांना आवडतं. वेग कमी करता येतो हेही. ("टॅबमधली बाई लय पटापट बोलते" अशी तक्रार ज्यांना ते बटण सापडलं नव्हतं त्यांची.)

नाणी आणि तारे पहिले काही दिवस आवडले. मग पोरांनी युक्ती काढली. सोपी गोष्ट एकदा पाठ केली की तीच पुन्हा पुन्हा 'वाचून' तारे गोळा करायचे. हे त्यांनीच चिठ्ठीत लिहून दिलं, अभिमानानं. पॅनलबद्दल मात्र उत्साह कमी. "सर शिकवतात तेव्हा तो फळाच असतो, हात लावायला पुढच्या बाकावरच्यांनाच मिळतो" हे वाचून मी गप्प बसलो. आणखी एक तक्रार फार जणांची: गोष्टी बारक्या पोरांच्या आहेत. मिसरूड फुटलेल्या पोराला हत्ती आणि सशाचं पोहणं वाचायचं नसतं, पण त्याला झेपणारं इंग्रजी तेवढंच असतं.

आणि एका चिठ्ठीत एकच वाक्य: "पेपरात शब्दावर बोट ठेवलं तर तो बोलत नाही."

तुमच्या घरातली, वर्गातली मुलं काय म्हणतात? तुम्ही स्वतः विद्यार्थी असाल तर उत्तमच. 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे सगळ्यांना माहीत आहे, ते वगळून लिहावं.

लघुलहरी
सर, बंदी मोडतो. आमच्या वेळी असलं एक होतं! व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी रेडिओचं 'स्पेशल इंग्लिश'. १९५९ साली सुरू झालेलं, साधारण दीड हजार शब्दांतच सगळं बसवायचे आणि निवेदक एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलायचा. रात्री रेडिओला कान लावून बसायचो. मला इंग्रजी कळायला लागलं ते तिथं. पण डोळ्यांसमोर अक्षर नसायचं, त्यामुळे कित्येक शब्द मला कानांनी माहीत होते आणि छापलेले दिसले की ओळखू यायचे नाहीत. कान आणि डोळा एकाच वेळी एकाच शब्दावर, ही सोय आजच्या पोरांना आहे, ती मोठी आहे. तारे-बिरे सोडा.

अकरावी_सायन्स
सर मी मराठी मीडियमचाच, या वर्षी अकरावीला आलो. खरं सांगू का, मी इंग्रजी वाचायला कुठल्या शिकायच्या ॲपवर शिकलोच नाही. क्रिकेटची बॉल टू बॉल कॉमेंट्री वाचून शिकलो. आमच्या घरी टीव्हीवर मॅच लावायला मिळायची नाही, पप्पांच्या फोनवर नेट कमी असायचं, व्हिडिओ चालायचा नाही, मग लिहिलेली कॉमेंट्री रिफ्रेश करत बसायचो. त्यात तेच तेच शब्द येतात. शॉर्ट ऑफ लेंग्थ, आउटसाइड ऑफ, पुश्ड टू कव्हर्स, नो रन. बॉल कुठं पडला, बॅट्समननं काय केलं हे डोळ्यांपुढं दिसतं, त्यामुळे नवीन शब्द आला तरी अंदाज येतो. विकेट पडली की तो पॅरा मोठा असतो, तो तर मी दोन-दोनदा वाचायचो.

आठवीत असताना आमच्या सरांनी वर्गात एक वाचनाचं ॲप लावलं होतं. त्यात वाचताना मध्येच फुगे फोडायचा गेम यायचा. फुगे फोडून परत आलो की आधीचं वाक्य विसरलेलं असायचं. मुलांना गेम आवडायचा पण वाचायला नाही, फुग्यांसाठी. मोठ्या लोकांना वाटतं गेम घातला की पोरं शिकतील. गेम खेळायचाच असेल तर आमच्याकडे त्याहून भारी गेम आहेत.

खडूफळा
@अकरावी_सायन्स, तुझा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवतो. ओळखीच्या विषयावरचं तेच तेच वाचत राहणं या गोष्टीला स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञानं १९८१ मध्येच उचलून धरलं होतं. एकाच विषयाला, एकाच लेखकाला धरून बसा, शब्द आपसूक परत परत भेटतात, असं त्याचं म्हणणं. तू ते नेट पॅक संपत आल्यामुळे केलंस!

तिरकस
सगळं ठीक आहे, पण एक विचारू? त्या पॅनलच्या पैशात शाळेला किती पुस्तकं आली असती? पॅनल आलं, फीत कापली, पेपरात फोटो आला. वर्षभरात त्याचा पेन हरवतो, दोन वर्षांत ते बंद पडतं, दुरुस्तीला निधी नसतो. मुलांनी पॅनलला फळा म्हटलं यात मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. पेटीभर गोष्टीची पुस्तकं द्या, मुलं वाचतील.

खडूफळा
@तिरकस, पेन खरंच हरवलाय, आता बोटानं भागवतो. पण पेटीभर पुस्तकं आमच्याकडे आहेत हो. कपाटात आहेत, कुलूप मी काढलंय, तरी इंग्रजीची जशीच्या तशी आहेत. ज्याला शब्द फोडता येत नाही तो पोरगा पुस्तक उघडून काय करेल? चित्रं बघतो आणि ठेवून देतो. त्याला कुणीतरी शेजारी बसून 'हा शब्द असा' म्हणणारं माणूस लागतं. साठ पोरांच्या वर्गात ते माणूस मी किती जणांना होऊ?

रानजाई
मी पुण्यात असते, मुलगी सहावीत, सेमी इंग्लिशला. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. तिच्या इंग्रजी वाचनाची खरी गोची विज्ञानाच्या पुस्तकात होते. इंग्रजीच्या तासाला गोष्ट असते, तिथे थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. विज्ञानात 'एव्हॅपोरेशन' अडलं की पुढचं पानच अडतं.

ती रोज जेवण झाल्यावर एका ॲपला वाचून दाखवते. ॲप ऐकतं, बरोबर वाचलेला शब्द रंगतो, चुकला की परत म्हणायला लावतं. तिला विचारलं काय आवडतं, तर म्हणाली, "त्याला घाई नसते." आणि काय आवडत नाही? "मी बरोबर म्हटलं तरी ते ऐकत नाही." आमच्याकडे व्ही आणि डब्ल्यू दोन्ही एकाच 'व'त बसतात, ते त्याला पटत नाही. एकदा 'व्हिलेज' वर अडकून बसली, सात-आठदा म्हणाली, शेवटी आजीनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं तेव्हा रंगलं. तेव्हापासून अडलं की फोन आजीच्या तोंडाशी नेते. आजीचा उच्चार कसा चालतो कोण जाणे!

पण एक गोष्ट मला सतावते. हा सगळा खेळ माझा फोन घरात मोकळा असतो म्हणून चालतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या ताईंची मुलगी त्याच वर्गात आहे. तिच्या घरी एक फोन, तो भावाकडे. तो कॉलेजला जातो म्हणून त्याचा हक्क पहिला. ती म्हणते, "मला रात्री दहानंतर मिळतो, तेव्हा झोप आलेली असते."

पडदाप्रेमी
@रानजाई, हे तुमच्या ओळखीपुरतं नाही. 'असर'नं २०२३ मध्ये १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी केली. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के आणि मुली १९.८ टक्के. घरात फोन आहे म्हणजे मुलीच्या हातात आहे असं नाही.

अवांतर: शब्द रंगत जाण्याची युक्ती जुनी आहे. आयआयएम अहमदाबादच्या ब्रिज कोठारींना १९९६ मध्ये सुचलं की टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेतले शब्द दाखवावेत, गायक म्हणेल तसा शब्द रंग बदलेल. १९९९ मध्ये गुजरातमध्ये दूरदर्शनवर गाण्यांच्या कार्यक्रमात ते प्रत्यक्ष आलं. घरी बसलेल्या, शाळा सुटलेल्या माणसाला कोणी 'वाच' म्हणत नाही, तो गाणं बघतो आणि डोळा आपोआप खाली जातो. यात हात लावायला काही नाही, तारे नाहीत, स्वतंत्र फोन लागत नाही, सगळं घर एकदम बघतं. फोन नसलेल्या मुलीचा विचार करायचा तर मला हाच मार्ग जास्त व्यवहार्य वाटतो. माझा भाचा इंग्रजी सिनेमे इंग्रजी सबटायटल लावूनच बघतो. म्हणतो, "ऐकू येत नाही ते वाचतो आणि वाचता येत नाही ते ऐकतो."

लायडनकर
धागा आवडला. मी शिक्षणशास्त्रातला माणूस, नेदरलँड्समध्ये लायडनला असतो. मुलांच्या डिजिटल पुस्तकांवर इथल्या विद्यापीठात आद्रियाना बुस यांनी बरीच वर्षं काम केलंय. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा एक लेख आहे, त्यात ४३ अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष अकरावीतल्या मित्राच्या फुग्यांवर नेमका बोट ठेवतो. गोष्टीला धरून हलणारी चित्रं, आवाज, संगीत यांनी मुलांना गोष्ट कळायला आणि शब्द लक्षात राहायला मदत होते. मध्येच येणारे खेळ, चित्रावर टिचकी मारली की उडणारी पाखरं, असल्या गोष्टींनी लक्ष फाटतं. गंमत म्हणजे अंगभूत शब्दकोशही त्यांच्या यादीत लक्ष विचलित करणाऱ्यांतच होता. पण तो अभ्यास लहान मुलांचा होता. नववीतल्या, दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्या मुलाला शब्दावर बोट ठेवून उच्चार ऐकणं हे वेगळं प्रकरण आहे. त्यामुळे खडूफळा सरांच्या मुलांचं म्हणणं त्यानं खोटं ठरत नाही.

दुसरं, पेपरात न बोलणाऱ्या शब्दाबद्दल. २०१८ मध्ये देल्गादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास, १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक, असा मोठा आढावा घेतला. तोच मजकूर कागदावर वाचणाऱ्यांना पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा जास्त कळला होता. वेळ बांधलेला असेल तर हा फरक वाढतो. माहितीपर मजकुरात फरक दिसतो, गोष्टीरूप मजकुरात जवळजवळ दिसत नाही. आपली दहावीची कृतिपत्रिका म्हणजे बांधलेली वेळ आणि कागद. तेव्हा टॅबवर शिकलेलं कागदावर उतरवायचा सराव वेगळा करून घ्यावा लागेल.

तिरकस
म्हणजे शेवटी कागदच! :)

लायडनकर
@तिरकस, कागद जिंकतो तो वाचता येणाऱ्यांच्या हातात. सर ज्या मुलांबद्दल बोलतायत ती अजून त्या दारात उभी आहेत.

झेडपीची_बाई
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला आहे. दोन शिक्षकी शाळा, म्हणजे मी एका वेळी दोन वर्ग सांभाळते. आमच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. ही कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी आधी आपल्या वर्गात राबवली, पुढे राज्यभर पोचली, हे सगळ्यांना माहीतच आहे. २०१७ मध्ये सरकारचं दीक्षा ॲप आलं तेव्हापासून कोड स्कॅन केला की कविता, व्हिडिओ उघडतात. लहान मुलांना कविता आवडतात, नाचतात, पण नाचताना अक्षराकडे कोणी बघत नाही. वाचन त्यातून येत नाही, निदान माझ्या वर्गात तरी.

वाचनासाठी मी ध्वनीवरून जाते. ए, बी, सी या क्रमानं न जाता एस, ए, टी, आय, पी, एन आधी. या सहा अक्षरांत सॅट, पिन, टिप, नॅप असे पुष्कळ शब्द होतात, पोरांना पहिल्या महिन्यातच 'आपण वाचलं' असं वाटतं. यात ॲप मला एवढ्यापुरतं लागतं की 'ए' चा आवाज माझ्या तोंडून 'ॲ' आणि 'अ' च्या मध्ये कुठेतरी येतो, तो त्यांनी नीट ऐकावा.

पण सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते, तिला ॲपसुद्धा लागत नाही. फोनमधलं साधं आवाज रेकॉर्ड करायचं बटण. पोरगी चार ओळींचा उतारा वाचते, मी रेकॉर्ड करते, मग तिलाच ऐकवते. पहिली प्रतिक्रिया, "हा माझा आवाज नाहीये!" सगळे हसतात, तीही हसते. दुसरी वेळ ऐकताना ती पुस्तकात बोट ठेवते आणि मध्येच थांबवून म्हणते, "बाई, इथं मी 'द' खाल्ला." मी काहीच बोललेले नसते. मग "परत घ्या, परत घ्या." तोच उतारा तीन-चार वेळा घेतला की शेवटचं वाचन पहिल्याशी लावून ऐकते आणि फुशारते. एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचल्यानं वेग आणि समज वाढते हे सॅम्युएल्स नावाच्या संशोधकानं १९७९ मध्येच मांडलं होतं. पण पोरांना परत वाच म्हटलं की कंटाळा येतो. रेकॉर्डिंग असलं की तीच मागे लागतात.

अकरावी_सायन्स
बाई, हे मी करून बघतो. आमच्या वर्गात इंग्रजीच्या ओरलला मुलं थरथरतात.

रानजाई
@झेडपीची_बाई, आज रात्रीच करते. आजीलाही रेकॉर्ड करते. :)

खडूफळा
बाई, तुमचा प्रतिसाद वाचून चिठ्ठ्या पुन्हा काढल्या. मुलं जे जे चांगलं म्हणतायत त्या सगळ्यात एकच गोष्ट सापडते: चूक कुणासमोर करायची आणि कधी दुरुस्त करायची हे त्यांच्या हातात असतं. टॅब, आजी, रेकॉर्डर, काहीही असो. वर्गात मी सुरात वाचून घेतो तेव्हा चूक दडते आणि उभं करून वाचून घेतो तेव्हा ती सगळ्यांसमोर येते. मधला मार्ग मी देतच नव्हतो, तो पोरांनी टॅबमध्ये शोधला.

गोष्टींच्या वयाचं काय करावं हे अजून सुटलेलं नाही. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून मोफत आहे, पातळ्या लावलेल्या आहेत, मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी असलेल्या गोष्टीही आहेत. पण सोप्या पातळीवर पात्रं लहान मुलांचीच. तिथलं साहित्य खुल्या परवान्यावर असल्यानं बदलून वापरता येतं, म्हणून नववीतल्या मुलींच्या एका गटाला काम दिलंय: सोपी गोष्ट घ्यायची, पात्रं आपल्या वयाची करायची आणि टॅबवर टाइप करायची. ससा आता बारावी नापास आहे आणि कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून लासलगावला चाललाय. दुसरा गट क्रिकेट कॉमेंट्री लिहितो, शाळेच्या मैदानावरच्या मॅचची, इंग्रजीत. स्पेलिंगची पार वाट लागली आहे. पण एकमेकांचं वाचतायत.

तिरकस
ससा नापास का?

खडूफळा
इंग्रजीत गेला, म्हणे.

झेडपीची_बाई
:) सर, टॅबवर सगळे एकदम मोठ्यानं वाचायला लागले की माइक शेजारच्याचा आवाज उचलतो. त्यावर तुम्ही काय करता? माझ्याकडे टॅब आले तर हा प्रश्न येणारच.

खडूफळा
बाई, इयरफोनच्या माइकनं बरंच भागतं, पण ते टिकत नाहीत. सध्या चार जण व्हरांड्यात, चार जण वाचनालयात, दोन जिन्याखाली असं करतो. जिन्याखालची जागा सगळ्यांना हवी असते, म्हणून पाळी लावून दिलीय.